गाडी गचके खाते, मधेच बंद पडते

 

आजचा विषय गाडीचा आहे. "गाडीचं नि आमचं काय?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणाकडे पिकअप आहे, कुणाकडे व्हॅन, कुणी मालाची रिक्षा घेतली आहे. कर्जाचा हप्ता गटाच्या नावावर चालू असतो. पापड, लोणची, भाजी त्याच गाडीतून बाजाराला जातात, आणि रात्री-अपरात्री कुणाला कळा आल्या तर दवाखान्याकडेही तीच गाडी पळते. अशी गाडी चालता चालता गचके खायला लागली, मधेच बंद पडायला लागली, तर बाजार चुकतो, हप्ता चुकतो. घाटात बंद पडली तर जिवावरही बेततं.

आज बोलणाऱ्या आम्ही चौघी आहोत. पाटण तालुक्यात, कोयनेच्या पट्ट्यात आमचा गट आहे. गटाची पेट्रोलची व्हॅन आम्ही आळीपाळीने चालवतो आणि तिची निगाही आम्हीच ठेवतो. आम्ही मिस्त्री नाही, पण गाडी रोज आमच्या हातात असते. तिचा आवाज, तिची सवय मिस्त्रीपेक्षा आम्हाला जास्त ठाऊक असते. म्हणून आज सांगायचं ते एवढंच: गाडी बंद पडते ती केव्हा, कशी आणि कुठे, हे नीट बघितलं आणि लिहून ठेवलं, तर दोष निम्मा सापडतो. पार्ट बदलायचा तो त्यानंतर.

आधी जीव, मग गाडी

दोष शोधण्याआधी हे ऐका. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. ब्रेकला पायाचा जोर कमी लागावा म्हणून बूस्टर नावाचा एक डबा असतो. तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद पडलं तरी त्यात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरती ताकद उरलेली असते. म्हणून घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच दाबा आणि दाबून धरा. नंतर ब्रेक दगडासारखा कडक लागला तरी तो लागतोच, फक्त सगळा जोर लावावा लागतो. स्टिअरिंगही जड झालं तरी वळतं. गाडी हलत असताना चावी मात्र काढू नका, स्टिअरिंगला लॉक बसेल.

क्लच दाबा आणि उरलेल्या वेगावर गाडी डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा. हँडब्रेक ओढा. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर टाकून ठेवा, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकाला दगड लावा. माणसं खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा, गाडीच्या मागे कुणी थांबू नका. लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा. आणि निघताना तो दगड आठवणीने उचलून बाजूला टाका. अशा टाकून दिलेल्या दगडांवर रात्री दुचाकी आपटतात.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ या नंबरवर मदत मागता येते. गाडीत पेशंट असेल तर गाडी दुरुस्त व्हायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर १०२ आहे.

आणखी एक. पेट्रोल वाचवायला म्हणून घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय काहींना असते. ती सोडाच. ब्रेकची मदत जाते, गिअरची पकड जाते, आणि मग गाडी आवरत नाही.

चूल पेटायला काय लागतं?

सरपण लागतं, वारा लागतो आणि काडी लागते. तिन्हीतलं एक जरी नसलं तरी चूल पेटत नाही. ओलं सरपण असेल तर नुसता धूर होतो. इंजिनाचंही तसंच आहे. पेट्रोल हे सरपण, हवा हा वारा आणि प्लगची ठिणगी ही काडी. चौथी गोष्ट म्हणजे दाब. कुकरची रिंग सैल झाली की आच असूनही शिट्टी होत नाही, तसं सिलिंडरात दाब धरला नाही तर बाकी तिन्ही असूनही जोर येत नाही.

ठिणगी पडली की सिलिंडरात भडका होतो आणि तो पिस्टनला खाली ढकलतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला १०० भडके होतात, एकेका सिलिंडरात २५. त्यातला एखादा मधूनमधून चुकला की गाडीला गचका बसतो. मिस्त्री म्हणतात, "गाडी मिसिंग मारतेय," ते हेच. एकच सिलिंडर चुकत असेल तर गाडी थरथरत चालत राहते. सगळेच एकदम थांबले तर बंद पडते.

पेट्रोल आणि हवा यांचं मापही ठरलेलं असतं. वजनाने एक भाग पेट्रोल जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते. पूर्वी हे माप कार्बोरेटर सांभाळायचा. आताच्या गाड्यांत एक छोटा संगणक आहे, त्याला ईसीएम म्हणतात. हवा किती आली, इंजिन किती तापलं, किती फिरतंय, हे त्याला सेन्सर सांगतात आणि त्यावरून तो पेट्रोल सोडतो. सेन्सरने चुकीचा निरोप दिला की माप चुकतं.

म्हणजे प्रश्न एकच राहिला. गाडी अडखळते तेव्हा पेट्रोल, हवा आणि ठिणगी यांतलं काय कमी पडतंय?

इंजिनच आहे ना?

त्याआधी हा दोष इंजिनाचाच आहे का, ते बघा. रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं होत असेल तर इंजिन ठीक आहे, क्लच घसरतोय. फक्त गाडी उचलताना धक्का बसतो आणि नंतर बसत नाही, तर क्लच किंवा इंजिन ज्यावर बसवलंय ते रबरी माउंटिंग बघायला सांगा. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचं इंजिनही अडखळत असेल, किंवा चालताना जोर तुटून सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येत असेल, तर दोष इंजिनाकडे आहे.

बंद कशी पडली?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बंद पडण्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा: बटण दाबून बल्ब घालवावा तशी. काही सूचना नाही, गचका नाही, चालता चालता एकदम शांत. अशा वेळी बहुधा वीज तुटलेली असते. लगेच समोरच्या काट्यांकडे आणि दिव्यांकडे बघा. चावी चालू असूनही सगळे दिवे गेले, हॉर्नही वाजत नाही, तर बॅटरीचं टर्मिनल, मोठा फ्यूज किंवा चावीचा स्विच सैल आहे. दिवे आहेत पण इंजिन मेलं, तर रिले, कॉइल किंवा क्रँक सेन्सर बघावा लागतो. हा सेन्सर इंजिन फिरतंय की नाही हे संगणकाला सांगतो. त्याचा निरोप थांबला की संगणक ठिणगीही बंद करतो आणि पेट्रोलही. गाडीला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असेल तर तोही सांगतो. गाडी अजून गिअरमध्ये पळतेय आणि काटा एकदम शून्यावर आपटला, तर संशय या सेन्सरवर घ्यायचा.

दुसरी तऱ्हा: तेल संपत आलेल्या कंदिलासारखी. आधी जोर कमी होतो, रेस दाबली तरी गाडी उचल खात नाही, दोन-चार गचके देते आणि मग बंद पडते. इथे बहुधा पेट्रोल कमी पडत असतं. फिल्टर बुजलेला असेल, टाकीतला पंप थकला असेल, पेट्रोलात पाणी असेल.

तिसरी तऱ्हा: चालताना सगळं ठीक, पण रेसवरचा पाय काढला, चौकात थांबलं की बंद. पुन्हा सुरू केली की लगेच सुरू होते. हे बहुधा हवेचं दुखणं. रेसवरून पाय काढल्यावर इंजिनाला अगदी थोडी हवा एका लहानशा वाटेने मिळते. थ्रॉटल बॉडीत काजळी बसली की ती वाट बुजते. नाहीतर हवेच्या रबरी पाइपला चीर पडून जास्तीची हवा शिरते आणि माप बिघडतं.

या तीन तऱ्हा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. पण कुठून सुरुवात करायची हे त्यावरून कळतं.

बंद केव्हा पडली?

इंजिन तापल्यावर? अर्धा-पाऊण तास चांगली चालते, मग बंद पडते, वीस-तीस मिनिटं थांबलं की काहीच झालं नाही अशी सुरू होते. हे क्रँक सेन्सर, कॉइल किंवा पंप यांपैकी एकाचं काम असतं. तापल्यावर काम सोडतात, थंड झाल्यावर पुन्हा करतात. गॅरेजात नेईपर्यंत गाडी थंड होते आणि मिस्त्री म्हणतो, "ताई, गाडी तर चांगली आहे." म्हणून बंद पडल्या जागीच एक गोष्ट करा. चावी 'ऑन'वर आणा, स्टार्टर मारू नका. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक घुंऽऽ असा आवाज यायला हवा. आला तर पंप निदान फिरतोय. नाही आला तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज. एवढं एक वाक्य लिहून नेलंत तर मिस्त्रीचा बराच वेळ वाचतो.

टाकीत पेट्रोल कमी असताना? पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवली की पंप तापतो आणि लवकर जातो. वळणावर, चढावर उरलेलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. शंभराचं पेट्रोल टाकून चालवण्याची सवय गटाच्या गाडीला लावू नका. टाकी निदान पाव भरलेली ठेवा.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच? मग पेट्रोलात पाणी असण्याचा संशय घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. उसाची मळी, मका, तांदूळ यांपासून ते बनतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलात विरून जातं, पण जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं. पंप तळातूनच ओढतो. मिस्त्रीला थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायला सांगा. स्थिर ठेवल्यावर दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. पावती जपून ठेवा. जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइपही वर्षातून एकदा बघून घ्या, चिरा पडलेल्या दिसल्या तर बदला.

टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स असा मोठा आवाज येऊन गाडी पुन्हा नीट चालू लागते? मग टाकीत हवा जायची वाट बुजली आहे. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, आणि पंप ओढून ओढून थकतो. दुधाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडते, तसंच हे.

खड्ड्यात आपटल्यावर? कुठेतरी वायर सैल आहे.

फक्त चढावर आणि भरल्या गाडीत? इथे दोन वाटा फुटतात. चढावर पेट्रोल जास्त लागतं, म्हणून थकलेला पंप आणि बुजलेला फिल्टर तिथेच उघडे पडतात. पण चढावर सिलिंडरातला दाबही वाढतो, आणि दाबात ठिणगी पडायला जास्त ताकदीची वीज लागते. म्हणून कमजोर प्लग आणि जुन्या वायरीही तिथेच उघड्या पडतात. लक्षण एक आणि कारणं दोन. यात आम्ही स्वतः अडकलो होतो, ते सांगतो.

आमच्या व्हॅनचं काय झालं

गेल्या पावसाळ्यात आमची व्हॅन कुंभार्ली घाटात गचके खायला लागली. चिपळूणला माल टाकून परत येताना सगळा चढ. अर्ध्या घाटात थरथर, रेस दाबली की फट् फट्, एकदा तर बंदच पडली. एका गॅरेजात दाखवली. "घाटात गचके खाते," एवढंच तिथे सांगितलं गेलं होतं, आणि त्यावरून त्यांनी पंप बदलायला सांगितला. चढावर जोर कमी पडतो म्हटल्यावर कुणीही आधी पंपच म्हणेल. पण पंपाचा खर्च म्हणजे गटाचा दोन महिन्यांचा नफा. बैठकीत ठरलं की बाजाराच्या पुढच्या फेऱ्या लिहून काढायच्या, मग पैसे मोडायचे. तोवर माल कमी भरायचा आणि बरोबर दुसरी गाडी असेल तरच घाट चढायचा.

गटाच्या हजेरीच्या वहीत मागची पानं कोरी होती. त्यावर लिहायला लागलो: तारीख, पाऊस की उघडीप, टाकीत किती पेट्रोल, गाडीत किती ओझं, कुठे गचका बसला. नऊ फेऱ्या झाल्या. पाच वेळा गचके बसले. त्या पाचही दिवशी पाऊस लागला होता. मधे चार दिवस उघडीप होती, तेव्हा तोच घाट तेवढंच ओझं घेऊन दोनदा चढलो, एकही गचका नाही. टाकी कधी अर्धी होती, कधी भरलेली, त्याचा काही मेळ लागत नव्हता.

आता तुम्हीच विचार करा. पंप थकला असता तर कोरड्या दिवशी चढ कसा चढला असता? पंपाला पाऊस थोडाच कळतो!

वही घेऊन तालुक्याच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी पान वाचलं, आधी गेज लावून पेट्रोलचा दाब बघितला. तो बरोबर होता. मग अंधार पडेपर्यंत थांबायला सांगितलं. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलली, इंजिन चालू ठेवलं आणि इस्त्रीवाले कपड्यांवर पाणी फवारतात तसल्या बाटलीने त्यांनी प्लगच्या वायरींवर हलकं पाणी मारलं. तिसऱ्या वायरीवरून इंजिनाच्या लोखंडावर निळ्या ठिणग्या उडायला लागल्या आणि गाडी तशीच थरथरली, जशी घाटात थरथरायची. वायरीचं रबर जुनं होऊन बारीक चिरा पडल्या होत्या. ओल आली की वीज प्लगपर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर निसटत होती. वायरींचा संच आणि प्लग बदलले. पंप अजून तोच आहे.

हा पाण्याचा प्रयोग तुम्ही घरी करू नका. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टची वीज असते. चालू इंजिनात त्या वायरींना हात लावायचा नाही, त्या ओढून बघायच्या नाहीत.

घरच्या घरी काय बघता येईल?

इंजिन बंद आणि थंड असताना एवढं बघा. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हाताने हलतात का? पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे का? बॅटरीची काळी वायर गाडीच्या लोखंडाला जिथे बोल्टने आवळलेली असते, ती अर्थिंगची जागा गंजली आहे का? बरेच विचित्र दोष तिथे निघतात. मिस्त्रीकडे मीटर असतोच. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास. चालू इंजिनातही १२ च्या खाली असेल तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही.

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यावरची धूळ तो लवकर बुजवते. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा पाइप हाताने चाचपा. घडीच्या आत चीर असते, ती वाकवल्याशिवाय दिसत नाही.

मिस्त्री प्लग काढतील तेव्हा ते मागून घ्या आणि क्रमाने मांडा. टोक फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर भडका चांगला होतोय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट ओलं असेल तर इंजिन ऑइल वर चढतंय. पांढरंफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय, पेट्रोल कमी पडतंय. चारांतला एकच वेगळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरापुरता आहे, सगळ्यांचा मिळून असलेल्या पंपाचा नाही.

गाडी सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालत असेल तर तुमच्या हातात आयतीच परीक्षा आहे. गचका बसला की इंधन बदलून बघा. दोन्हींवर गचके बसत असतील तर ठिणगी किंवा हवा बघायची. फक्त पेट्रोलवर बसत असतील तर पेट्रोलची वाट. फक्त गॅसवर बसत असतील तर गॅस किट तपासा, पण त्याआधी प्लग बघा. गॅसला ठिणगी जास्त दमदार लागते, म्हणून थकलेले प्लग आधी गॅसवर कुरकुर करतात.

पिकअप डिझेलची असेल तर तिला प्लगची ठिणगी नसते. तिथे आधी डिझेल फिल्टर बघायचा. त्याच्या तळाशी साचलेलं पाणी वेळच्या वेळी काढून टाकावं लागतं. पाइपच्या जोडातून हवा शिरत असेल तरी डिझेल गाडी अशीच गचके खाऊन बंद पडते.

गॅरेजात काय बोलायचं?

"दादा, गाडी बघा, गचके खाते," एवढंच सांगून गाडी सोडून येऊ नका. वहीचं पान समोर ठेवा. मग विचारा, "पार्ट बदलण्याआधी तपासणार कसं?" पंप म्हणत असतील तर पेट्रोलचा दाब गेजवर बघायला सांगा. सेन्सर म्हणत असतील तर स्कॅनर लावायला सांगा.

स्कॅनरविषयी थोडं. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तेव्हा संगणकाने एक कोड लिहून ठेवलेला असतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय. पी ०३०२ म्हणजे दुसरा. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या वाटेत दोष. पण कोड फक्त घर दाखवतो, चोर दाखवत नाही. पहिला सिलिंडर चुकतोय म्हणजे त्याचा प्लग गेला, कॉइल गेली की इंजेक्टर, हे अजून शोधायचं असतं. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत याची एक बिनखर्चाची युक्ती आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावायची. कोड बदलून पी ०३०२ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. नाही सरकला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल करा. चांगला मिस्त्री हे करतोच. तुम्हाला ठाऊक आहे हे कळलं की तो आणखी आनंदाने करतो.

तो पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर लवकर दाखवा. पण लुकलुकत असेल तर जोरात चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागाचा भाग वितळून बुजतो. प्लगचा छोटा खर्च तिथे मोठा होतो.

एका वेळी एकच पार्ट बदलायचा, मग गाडी चालवून बघायची. चार पार्ट एकदम बदलले तर गाडी सुधारते, पण दोष कशात होता ते कधीच कळत नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. बिलात पार्टचं नाव आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हप्त्याची वही आपण जशी डोळ्यांत तेल घालून ठेवतो, तशी गाडीची वही सुरू करा. एका पानावर आठ रकाने आखा: तारीख आणि चालवणारीचं नाव, किती वेळ चालल्यावर झालं, चढ, उतार की सपाटी, पाऊस की ऊन, टाकीत किती आणि पेट्रोल कधी भरलं, ओझं किती, गचके खात बंद पडली की एकदम, दिवे आणि पंपाचा आवाज होता का. पेन दोरीने वहीलाच बांधा. वही गाडीत ठेवा. जी चालवेल तिने उतरण्याआधी लिहायचं, काही झालं नाही तर "ठीक" असं लिहायचं. आमचा दोष सापडला तो गचके बसलेल्या पाच दिवसांबरोबरच ठीक चाललेल्या दिवसांवरूनही सापडला.

आणि गाडी चालवता न येणाऱ्या मैत्रिणींनीही एकदा बोनेट उघडून किंवा सीट उचलून बॅटरी, एअर फिल्टर आणि प्लगच्या वायरी कुठे असतात ते बघून घ्या. गाडी गटाची आहे, तेव्हा ती ओळखीची सगळ्यांच्याच असायला हवी.

तुमच्या गाडीची काही तक्रार असेल तर वहीचं पान भरून आमच्याकडे पाठवा. आपण पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर सावकाश चालवा. नमस्कार.